साडूंसाठी काहीतरी वेगळं

साडूला काय खायला घालावं, याबद्दल आपल्या एकाही शास्त्रात मार्गदर्शन नाही. जावयाचं सगळं ठरलेलं आहे. अधिक महिना आला की त्याला ३३ अनारसे द्यायचे, सोबत दिवा द्यायचा, आणि तो 'कशाला उगाच' म्हणाला तरी डबा हातात कोंबायचा. विहीणबाईंचा मान ठरलेला, मामाचा ठरलेला, करवलीचासुद्धा ठरलेला. साडू तेवढा अधांतरी. तो धड मानाचा नाही, धड घरचा नाही. आपण ज्या दारात मुंडावळ्या बांधून उभे राहिलो, त्याच दारात आपल्याआधी उभा राहून गेलेला हा माणूस. सासूबाईंना उदाहरण द्यायचं झालं की त्या त्याचं देतात, आणि कपाट हलवायचं झालं की आपल्याला हाक मारतात.

आमचे साडू ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतात, एकविसाव्या मजल्यावर. आम्ही बदलापूरला, बेलवलीत, दुसऱ्या मजल्यावर. एवढी उंची त्यांना मुळातच मिळालेली असताना गेल्या वर्षी ते युरोपची सहलही करून आले. आल्याबरोबर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलाच्या मधोमध मेणबत्तीवर एक इवलीशी कढई, कढईत पिवळं काहीतरी रटरटतंय आणि प्रत्येकाच्या हातात वीतभर लांबीचा काटा.

"हे काय?" मी विचारलं.

"फॉण्ड्यू. स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय पक्वान्न. तिकडचे गुराखी शेकडो वर्षं हेच खात आलेत."

(मी वाचलं होतं, की हे राष्ट्रीय पक्वान्न व्हायला १९३०च्या दशकात तिथल्या चीज उत्पादकांच्या संघटनेनं केलेली जाहिरात कारणीभूत आहे. चीज पडून राहत होतं, ते खपवायचं होतं. ही माहिती मी परतीच्या लोकलमध्ये बायकोला दिली. ती म्हणाली, "मग तिथंच का नाही बोललात?" तोंडात घास होता, हे काही तिला पटलं नाही.)

पावाचा तुकडा काट्याला टोचायचा, कढईत बुडवायचा आणि न पाडता तोंडापर्यंत आणायचा. माझा पडला. साडू टाळी वाजवून म्हणाले, "तिकडे पाव पडला की दंड असतो!" मी म्हटलं, "काय दंड?" त्यावर मेहुणी बाई इतक्या गोड हसल्या की मला पुढचं कळून चुकलं. "आता तुम्ही आम्हाला बोलवायचं."

आमच्याकडे पाहुण्यांना काय करायचं याची एक पायरी-पायरीची रचना आहे. अचानक आलेल्याला पोहे. फोन करून आलेल्याला साबुदाणे वडे. आदल्या दिवशी फोन केला असेल तर मिसळ. मी यातलं काहीही सुचवलं की बायकोचा चेहरा असा व्हायचा की जणू मी पाहुण्यांपुढे भिजवलेले हरभरे ठेवायला सांगतोय.

"त्यांनी फॉण्ड्यू केला आणि आपण पोहे?"

"त्यांना पोहे आवडतात."

"आवडतात म्हणून करायचे असतात का? काहीतरी वेगळं करायला हवं."

'काहीतरी वेगळं' हा पदार्थ आमच्या मुलीनं मोबाइलवर शोधून दिला. चित्रफीत जेमतेम अर्ध्या मिनिटाची. एक बाई ब्री नावाच्या चीजची पांढरीशुभ्र गोल चकती ओव्हनमध्ये ठेवते, बाहेर काढते, वर क्रॅनबेरी, अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे टाकते, सुरी लावते, आतून चीज ओघळतं, आणि बाजूला बसलेले सगळे एकदम डोळे मिटतात. "बाबा, यात काहीच करायचं नसतं," मुलगी म्हणाली. ज्या पदार्थात काहीच करायचं नसतं त्याला आमच्या घरात किती माणसं लागतात, हे तिला अजून माहीत नव्हतं.

पहिला प्रश्न ओव्हनचा. तो आमच्याकडे आहे. लग्नाच्या वाढदिवसाला आलेला ओटीजी गेली काही वर्षं स्वयंपाकघरात कपाट म्हणून उत्तम सेवा बजावत होता. आत आईची भगर, दुमडलेल्या पिशव्या, मिक्सरचं जास्तीचं भांडं आणि पोह्याच्या पापडांचा डबा. पिशव्या आणि भांडं मुलीनं काढलं. डबा खोल होता, तो दिसला नाही. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून घ्यायचा असतो, तसा तिनं तापवला. थोड्या वेळानं वास आला. पापड डब्यातच भाजून निघाले होते आणि खरं सांगायचं तर गॅसवर भाजतो त्यापेक्षा चांगले, चारी बाजूंनी सारखे. त्या ओव्हनमधून आमच्याकडे निर्विवाद यशस्वी झालेला तो एकमेव पदार्थ.

मग रंगीत तालीम. खरं चीज महाग, म्हणून तालमीला पनीर वापरावं असं समोरच्या काकूंनी सुचवलं. "दोन्ही दुधाचंच ना?" दोन्ही दुधाचंच, पण पनीर लिंबानं किंवा व्हिनेगरनं गरम दूध फाडून करतात. त्यात प्रथिनं एकमेकांना अशी मिठी मारतात की कितीही तापवा, सुटत नाहीत. चीजचं दूध रेनेटनं गोठवलेलं असतं, त्याची वीण उष्णतेनं सैल होते आणि ते ओघळतं. हे सगळं मला पनीर वीस मिनिटं ओव्हनमध्ये राहून जसंच्या तसं बाहेर आल्यावर कळलं. मेंटेनन्स थकवलेल्या सभासदासारखं ते तापलं, लाल झालं, पण हललं नाही. त्यानंतर प्रक्रिया केलेल्या चीजचे चौकोनी तुकडे लावून पाहिले. ते वितळले, पण एकजीव आणि गुळगुळीत; तेल नाही, तार नाही. तेल आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून त्यात क्षार घातलेले असतात, असं पाकिटामागं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आईनं चव घेऊन विचारलं, "सुरळीच्या वड्यांचं पीठ शिजवलंयस का?"

तेव्हा खरी ब्रीच आणायची ठरली. भांडं मात्र उल्हासनगरहून. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, फाळणीत सगळं सोडून आलेल्या सिंधी लोकांनी ते नुसत्या धंद्याच्या जोरावर उभं केलं, आणि तेव्हापासून तिथं 'हे आमच्याकडे मिळत नाही' हे वाक्य कोणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. मी दुकानदाराला विचारलं, "हे ओव्हनमध्ये चालेल ना? फुटणार नाही?" तो म्हणाला, "साहेब, ओव्हन फुटेल, हे नाही फुटणार." भांड्याच्या बुडाशी कोणत्या देशाचं नाव आहे ते मी पाहिलं. अक्षरं ताजी होती. मी पुढं विचारलं नाही.

ब्री मिळाली क्रॉफर्ड मार्केटजवळ. लाकडी डबीत, कागदात गुंडाळलेली. किंमत ऐकून मी पुन्हा विचारली, म्हणजे कमी होईल. झाली नाही. दुकानदारानं बर्फाची एक पिशवी बांधून दिली आणि म्हणाला, "लांब जायचं नाही ना?"

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर आलेला पण यायला तयार नाही, आणि डब्यात माणसाला माणूस चिकटलेला. भायखळ्यापर्यंत बर्फाचं पाणी झालं. ब्री पिकत चालली की तिला आधी अळंब्यांचा वास येतो आणि मग हळूहळू अमोनियाचा. कुर्ल्याला आमच्या ग्रुपमधल्या पत्ते पिसणाऱ्यानं हात थांबवला.

"बूट कोणी काढलेत?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांचे बूट पायात होते. घाटकोपरला संशय खिडकीजवळच्या एका झोपलेल्या गृहस्थांवर गेला. त्यांना हलवून उठवण्यात आलं, ते अपमानित झाले, आणि त्यांनी स्वतःच्या बगलेचा वास घेऊन निर्दोषत्व सिद्ध केलं. मी पिशवी पोटाशी धरून बाहेरची घरं बघत होतो. मुंब्र्यापर्यंत माझ्याभोवती हात पसरता येईल एवढी जागा झाली होती. बदलापूर लोकलमध्ये संध्याकाळच्या वेळेला एवढी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. डोंबिवलीला मला बसायलाही मिळालं, आणि तेही चौथी सीट नाही, पूर्ण सीट. शेवटी विठ्ठलवाडीच्या पुढं एकानं थेट विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"चीज."

"मेलं काय ते?"

घरी येऊन ब्री फ्रीजमध्ये ठेवली आणि झोपलो. चूक कुणाची नव्हती. आई पहाटे पाचला उठते, एवढंच.

सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर स्टीलच्या ताटलीत एक पिवळा, ओलसर, कडा ढासळलेला गोळा बसला होता. त्यावर नारळाच्या शेंडीचे दोन-तीन तंतू चिकटलेले. बाजूला शेंडीची घासणी निथळत ठेवलेली आणि मोरीत पांढरी सालं.

"फसवलं हो तुला दुकानदारानं," आई म्हणाली. "पूर्ण बुरशी धरलेली होती. वरून, खालून, सगळीकडून. मी घासून, धुऊन ठेवलंय. आतलं चांगलं आहे."

व्हिएन्नाला १८१५ साली युरोपातले मुत्सद्दी नकाशे वाटून घ्यायला जमले होते, तेव्हा तिथं ब्रीला चीजचा राजा ठरवण्यात आलं, असं सांगतात. त्या राजाची पैठणी बेलवलीत नारळाच्या शेंडीनं उतरली. मी आईला समजावून सांगितलं की ती बुरशी मुद्दाम लावलेली असते, तिला पेनिसिलियम कॅमेम्बर्टी म्हणतात, ती खायची असते.

"मुद्दाम?"

"हो."

"आणि तू पैसे देऊन आणलंस?"

"हो."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या लोणच्याला एकदा एवढीशी बुरशी आली होती, तर तुझी आजी सगळ्या आळीत सांगून आली. तिकडच्या सुनांचं बरंय."

खरी अडचण मुलीनं सांगितली. ब्री भाजताना उभी राहते ती त्या सालीच्या जोरावर. साल म्हणजे तिच्या भिंती. भिंती गेल्या, आता ओव्हनमध्ये ठेवली की ती वाहणार. बायको ताटलीकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी होती. संकटात तिचं डोकं फार चालतं.

"भांड्यात घालू," ती म्हणाली. "आणि डिप म्हणू."

आता फळं. क्रॅनबेरी बदलापुरात शोधणं म्हणजे वेळ घालवणं, पण त्याची गरजही नव्हती. आपल्याकडं आइस्क्रीमवर आणि केकवर जी लालभडक चेरी असते ती बहुतेक वेळा साखरेत मुरवलेलं करवंदच असतं, आणि तिच्या शेजारची टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. इतकी वर्षं आपण करवंदाला चेरी म्हणून खपवलं, तर एक दिवस क्रॅनबेरी म्हणायला काय हरकत? जूनमध्ये तर बदलापुरात करवंदं आणि जांभळं दोन्ही असतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. युरोपहून आलेल्या माणसापुढं आपलं मानांकनवालं फळ ठेवायचं, ही कल्पना मला एकदम भारदस्त वाटली.

स्टेशनजवळ पाटी घेऊन बसलेल्या बाईकडं गेलो. तिनं पळसाच्या पानाच्या द्रोणात जांभळं भरली. मी म्हटलं, अजून द्या. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"घरात कुनाला साखर हाय का?"

"नाही, नाही. चीजमध्ये घालायची आहेत."

तिनं मूठभर जांभळं फुकट वाढवली. "असू दे दादा. बिया टाकू नका. वाळवून पूड करा आन् सकाळच्याला पान्यात घ्या. बरं वाटंल."

जांभळाच्या बिया काढायला बसलो तिघं. दहा मिनिटांत आमची बोटं अशी झाली की घरात निवडणूक पार पडल्यासारखं वाटावं. करवंदांचा चीक वेगळाच. तो बोटांना लागला की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. मी दाराची कडी उघडली ती कोपरानं.

दारात समोरचे नाना. नाना निवृत्त आहेत आणि त्यांनी निवृत्तीनंतर आयुर्वेद हाती घेतला आहे. त्यामुळं आमच्या मजल्यावर आता कोणाला साधी शिंकही खासगीत देता येत नाही. त्यांनी ओट्यावरचा पसारा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"दूध आणि आंबट फळं? विरुद्ध आहार! चरकसंहिता, सूत्रस्थान, सव्विसावा अध्याय. थांबा."

ते घरी जाऊन ग्रंथ घेऊन आले, चष्मा लावला आणि दुधाबरोबर काय काय खाऊ नये त्याची यादी वाचायला लागले. करमर्द, म्हणजे करवंद. मुलीनं करवंदांची वाटी बाजूला सरकवली. जाम्बव, म्हणजे जांभूळ. मी द्रोण झाकला. दाडिम, म्हणजे डाळिंब. बायकोनं सोलत असलेलं डाळिंब खाली ठेवलं. अक्षोट, म्हणजे अक्रोड. आता ओट्यावर फक्त मीठ उरलं होतं. तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करणाऱ्या बाईनं चरक समोर उघडा ठेवून, त्यातली निषिद्धांची यादी टिपून घेऊनच पदार्थ बनवला असावा, अशी माझी खात्री झाली. इतकी गाठ योगायोगानं पडत नाही.

"त्या यादीत केळं आहे का हो?" आईनं विचारलं.

"आहे. मोच."

"आणि आंबा? फणस?"

"आहेत."

"मग शिकरण खाऊन तुम्ही एवढे मोठे कसे झालात?"

नानांनी ग्रंथ मिटला. "पाहुणे किती वाजता?" त्यांनी विचारलं. "मी येतो. कोणाला काही झालं तर जवळ माणूस असावं."

साडूंचं कुटुंब आलं ते संध्याकाळी, काटई रोडनं, गाडीतून. मेहुणी बाई, त्यांचा मुलगा आणि साडू स्वतः, गळ्यात युरोपात घेतलेला मफलर. जूनमध्ये. घाम पुसत ते म्हणाले, "वा! काय हवा आहे तुमच्याकडे!" हे वाक्य ठाण्याचे लोक बदलापूरला आले की म्हणतातच. त्यांच्या हवेबद्दल आपण काही बोलायचं नसतं.

बायकोनं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, आणि त्याच क्षणी दिवसभर अडून बसलेला पाऊस आला. आधी वारा, मग खिडक्या, मग सोसायटीच्या शेडचा पत्रा, आणि मग वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, दिवा चालतो, टीव्हीसुद्धा चालतो. ओव्हन चालत नाही.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं अंधारात एकमेकांकडं बघत राहिलो. बाहेरून साडूंचा आवाज: "वास मात्र मस्त येतोय हं!" वास भाजलेल्या पापडांचा होता. तो त्या ओव्हनमधून कधीच जाणार नाही.

"व्हा बाजूला," आई म्हणाली.

तिनं कुकर काढला. झाकणाची रिंग काढली, शिट्टी काढून खिशात ठेवायला माझ्याकडं दिली. बुडाशी दोन वाट्या जाडं मीठ ओतलं, त्यावर जाळी, जाळीवर ते न फुटणारं भांडं, झाकण, आणि गॅस बारीक. याच कुकरमध्ये, अशाच मिठावर तिनं माझ्या लहानपणी प्रत्येक वाढदिवसाचा केक केला होता. तेव्हा आमच्याकडे ओव्हन नव्हता. आता ओव्हन असूनही नव्हता.

"कुकर लावलाय वाटतं? पुलाव का?" मेहुणी बाईंनी बाहेरून विचारलं.

"नाही गं ताई, बेक होतंय," बायको म्हणाली. एवढं शांत खोटं मी तिच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच ऐकलं. आणि ते खोटं नव्हतं, हे विशेष.

झाकण उघडलं तेव्हा आत चीज उकळत होतं. पिवळ्यावर तुपाचे डोळे तरंगत होते, जांभळं फुटून त्यातून गडद रंगाच्या शिरा पसरल्या होत्या आणि करवंदं मधूनच वर येऊन पुन्हा बुडत होती. बायकोनं वरून अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे टाकले. सोबत बुडवायला खारी, जिरा बटर आणि पावाचे तुकडे. इन्व्हर्टरच्या मिणमिणत्या दिव्यात तो सगळा प्रकार सुंदर दिसत होता. दिवे गेले हे एका अर्थी बरंच झालं.

साडूंनी पहिली खारी बुडवली. चीजची तार उठली. त्यांनी हात वर नेला, तार आली. अजून वर नेला, अजून आली. ते उभे राहिले. तार न तुटता त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर विसावली आणि तिथल्या तिथं घट्ट झाली. करवंदाचा चीक म्हणतात तो हाच.

"वेगळं आहे," साडू म्हणाले.

"वेगळं आहे गं," मेहुणी बाई म्हणाल्या.

"वेगळं आहे," मी म्हटलं, कारण मीही पहिल्यांदाच खात होतो. आधी जांभळाचा तुरटपणा जीभ आवळून घेतो, मग त्यावर ते गरम लोणी-लोणी चीज येतं, आणि दोघं आत गेल्यावर त्यांचं भांडण सुरू होतं. सगळ्यांनी वेगळेपणा मान्य केला आणि दुसऱ्यांदा कोणीच घेतलं नाही. अपवाद फक्त नानांचा. ते कोपऱ्यात बसून, विरुद्ध आहाराचे परिणाम स्वतःच्या शरीरावर तपासून बघण्यासाठी म्हणून, जिरा बटरामागून जिरा बटर बुडवत होते.

बराच वेळ शांतता झाल्यावर साडूंनी घसा साफ केला. "ल्युसर्नला आम्ही अगदी हेच खाल्लं होतं. हो ना गं? तळ्याकाठी."

"जांभळं घातलेलं?" मी विचारलं.

"तिकडंही असतं काहीतरी जांभळं."

त्यांचा मुलगा, इतका वेळ मोबाइलमध्ये असलेला, वर न बघता म्हणाला, "पप्पा, ल्युसर्नला आपण खिचडी-कढी खाल्ली. बसबरोबर आचारी होता ना आपला. चीज तर तुम्ही बघून म्हणाला होतात, वास येतोय, चला इथून."

पाऊस जोरात चालू होता ही मोठीच सोय होती. सगळ्यांनी खिडकीकडं बघून पावसाबद्दल बोलून घेतलं.

निघताना मेहुणी बाईंनी पाककृती विचारली. बायकोनं ती अगदी मोकळेपणानं दिली. क्रॅनबेरी, ब्री, १८० अंश, वीस मिनिटं. वरची साल काढून टाकायची, असंही तिनं बजावून सांगितलं. "काढायची?" मेहुणी बाईंनी डोळे मोठे केले. "ती काढल्याशिवाय ते मऊ होत नाही ताई, तिकडे सगळे काढतात," बायको म्हणाली, आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. साडूंनी दारात माझा हात हातात घेतला. आम्हा दोघांच्या जिभा आणि ओठ जांभळे होते, त्यामुळं दोघांपैकी कोणीही दुसऱ्याकडं बघून हसू शकत नव्हतं. "दंड वसूल झाला," ते म्हणाले. "आता पुढची पाळी आमची. मी ओव्हन घेतोय."

ते गेले. वीज आली. नानांनी उरलेलं भांडं घरी नेलं, तपासणी पूर्ण करायला. आईनं काही न बोलता कढई चढवली आणि बेसन कालवलं.

पिठलं रटरटायला लागलं तेवढ्यात मुलगी मोबाइल घेऊन आत आली. मावसभावानं नुकतंच स्टेटस टाकलं होतं. काटई रोडवरचं कुठलंसं हॉटेल, टेबलावर मिसळीच्या तीन प्लेटा, त्यांच्यामध्ये पावाचा डोंगर आणि वरच्या कोपऱ्यात मफलरचं एक टोक. खाली लिहिलं होतं, 'फायनली!!!'

बायकोनं फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. "दोन-दोन पाव एक्स्ट्रा घेतलेत," ती म्हणाली. मग एकदम दचकून मुलीला, "अगं, आपण बघितलं हे त्यांना दिसतं ना?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. साडूंचा निरोप होता: 'फारच सुंदर बेत! पोट इतकं भरलंय की आज कोणीच जेवणार नाही.'

आई पिठल्यावर लसणाची फोडणी ओतत होती. बायकोनं ताटं मांडली, मिरची शोधली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिहा, आम्हीसुद्धा."